कॅप मजबूत, पण आतला दात?

प्रश्न : रूट कॅनाल केलेल्या दाढेला झिरकोनियाची कॅप सांगितली आहे, १५ वर्षांच्या वॉरंटीसह. म्हणजे तेवढी वर्षं निर्धास्त राहायचं का?

नाही. वॉरंटी कॅपची असते, दाढेची नव्हे. नेहमीचा झिरकोनिया (दातासारखं पांढरं, अतिशय कणखर सिरॅमिक) वाकवून मोडायला साधारण ९०० ते १२०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण लागतो. जुन्या पद्धतीचं पोर्सेलीन शंभराच्या आसपासच हार मानतं. झिरकोनियात चीर सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक रचना बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. त्यामुळे एकसंध झिरकोनियाची कॅप सहसा फुटत नाही. दगा देते ती आतली दाढ. हिरडीलगतच्या कडेतून कीड शिरते, सिमेंट सुटतं, कधी मूळच उभं चिरतं.

म्हणून डॉक्टरांना विचारा, हिरडीच्या वर माझी स्वतःची दाढ चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी उरली आहे का? तेवढी उरली असेल, तर बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळावी तशी कॅप तिला आवळून धरते. नुसत्या भरावावर बसवलेल्या कॅपचा मला भरवसा वाटत नाही, मग ती कितीही महाग असो.

प्रश्न : पुढच्या दातालाही झिरकोनियाच बसवू का?

मी तिथे बहुधा लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचं सिरॅमिक सुचवते. त्याची ताकद ४०० मेगापास्कलच्या आसपास, पण त्यातून उजेड झिरपतो, म्हणून ते खऱ्या दातासारखं दिसतं. जास्त पारदर्शक झिरकोनियाही मिळतो. मात्र त्यात ते फुगणारे स्फटिक कमी असल्याने ताकद घटते. रात्री दात खायची सवय असेल तर आधी सांगा. कॅप कोणतीही घ्या, झोपताना नाइट गार्ड (दातांवर चढवायचं संरक्षक कवच) लावावाच लागेल.

प्रश्न : चकली खाताना आईच्या कॅपचा टवका उडाला. आत धातू दिसतो.

ती धातूवर पोर्सेलीन चढवलेली कॅप आहे; वरचा थर असा उडतो. टवका लहान असेल तर कड घासून गुळगुळीत करता येते. मोठा असेल तर कॅप बदलावी.

प्रश्न : इतका कठीण झिरकोनिया समोरचा दात झिजवणार नाही?

झिजवतो तो खरखरीतपणा. आरशासारखा पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला पोर्सेलीनपेक्षा कमी झिजवतो. पण चावा जुळवायला डॉक्टरांनी कॅप घासली, तर ती पुन्हा पॉलिश झालीच पाहिजे. खुर्चीवरून उठण्याआधी जीभ फिरवून बघा आणि खरखरीत लागलं तर तिथेच सांगा.