संकटात कारखाने हरित तंत्रज्ञानाकडे वळतात की हात आखडता घेतात?

तुमचा प्रश्न असा आहे की मंदी, युद्ध, महामारी असं काही आलं की उत्पादन कंपन्यांमधली पर्यावरणपूरक सुधारणा वाढते की थांबते. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी तुम्हाला एका वाक्यात उत्तर हवंय. मी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यात) पंचवीस वर्षं भट्टी आणि वाळू सांभाळतोय. एका वाक्यात मला नाही जमणार, कारण संकट कुठलं यावर सगळं आहे. कच्चा माल किंवा वीज-इंधन महागणं वेगळं आणि गिऱ्हाइकाने ऑर्डरच थांबवणं वेगळं.

आधी ऑर्डर थांबण्याचं सांगतो. 2008 च्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे तीन पाळ्या चालत. बहुतेक माल ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांचा. डिसेंबरात एकच पाळी उरली, तीही आठवड्यातून चार दिवस. वापरलेली वाळू स्वच्छ करून परत वापरायच्या यंत्राचं कोटेशन त्याआधी मंजूर झालं होतं. मालकांनी ती फाइल कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आधी पगार." मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्याच वर्षी धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या बदलायच्याही राहिल्या. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. ज्या खर्चातून फक्त धूळ कमी होते आणि पैसा परत येत नाही, तो सगळ्यात आधी कापला जातो.

आता याच्या उलट बाजू. बीड (ओतीव लोखंड) ओतताना शंभर किलो रस, म्हणजे वितळलेला धातू, ओतला तर साधारण साठ-पासष्ट किलोच कास्टिंग, म्हणजे तयार ओतीव भाग, म्हणून विकलं जातं. बाकीचं रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांत आणि जादा रस साठवणाऱ्या खोबणींत, अडकतं, ते तोडून पुन्हा भट्टीत जातं. विजेवरच्या इंडक्शन भट्टीला एक टन वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. म्हणजे जे विकलंच नाही त्याचंही लाइट बिल आपण भरतो, आणि एकदा नाही, दर फेरीला. हे प्रत्येक फाउंड्रीवाल्याला ठाऊक असतं. पण तेजीत पॅटर्नला (वाळूत साचा उमटवायच्या नमुन्याला) हात लावायला कोण देतो? रोज डिस्पॅचची बोंब. 2009 मध्ये पॅटर्न रॅकवर पडून होते आणि आम्ही रिकामे होतो. एकेक पॅटर्न काढून रायझरची जागा बदलली, काही ठिकाणी आकार लहान केला, ट्रायल ओतल्या, कापून आत पोकळी राहिली का ते पाहिलं. भट्टीचं झाकण शेडमागे गंजत पडलं होतं (उघड्या तोंडातून किती उष्णता जाते ते समोर उभं राहणाऱ्याला विचारा), त्याला नवी बिजागरी लावून परत बसवलं. नवीन खरेदी जवळजवळ शून्य. कामं पुन्हा सुरू झाली तेव्हा टनामागे वीज आधीपेक्षा कमी लागत होती. याला इनोव्हेशन म्हणायचं की नाही, ते तुमच्या गाइडना विचारा. मी म्हणतो.

महागाईच्या संकटाचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र जपानचं. 1973 मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला आणि जपानचं जवळजवळ सगळं तेल बाहेरून यायचं. तिथल्या पोलाद कारखान्यांनी काय केलं? रस आधी इनगॉटमध्ये, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांत, थंड करून, परत तापवून लाटण्याऐवजी सलग ओतायचं, म्हणजे कंटिन्युअस कास्टिंग. त्या वर्षी जपानचं साधारण पाचव्या हिश्श्याएवढं पोलाद असं निघायचं, 1985 पर्यंत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. पण हे तंत्र संकटात जन्मलं नव्हतं, 1950 च्या दशकापासून वापरात होतं. तापलेला कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं भट्टीचं इंधन) पाण्याऐवजी वायूने थंड करून ती उष्णता वापरायची पद्धत तर त्यांनी सोव्हिएत संघाकडून घेतली. संकटाने नवीन काही शोधून दिलं नाही, माहीत असलेलं करायला भाग पाडलं. आमच्या झाकणाची गोष्टही तीच, फक्त छोटी.

इंधन महागलं की कारखाने हिरवे होतात, असं मात्र लिहू नका. गुजरातमधल्या मोरबीचं पाहा. तिथल्या टाइल कारखान्यांचे कोळशाचे गॅसिफायर (कोळशापासून जळाऊ वायू बनवणारी यंत्रं) राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये बंद करायला लावले आणि सगळे पाइपच्या गॅसवर आले. हवेसाठी चांगलं झालं. मग युक्रेनचं युद्ध, गॅसचे भाव आकाशाला. 2022 च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच कारखान्यांनी महिनाभर भट्ट्या थंड ठेवल्या आणि अनेक जण प्रोपेनकडे वळले. महाग झालं ते नेमकं स्वच्छ इंधनच, त्यामुळे महागाईने कारखाने आणखी हिरवे झाले नाहीत.

सरकारने पैसे दिले की प्रश्न सुटतो, असंही नाही. आर्सेलरमित्तल या पोलाद कंपनीला जर्मनीत ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनस्टाट इथे कोळशाविना पोलाद बनवण्यासाठी 1.3 अब्ज युरोची मदत मंजूर होती. जून 2025 मध्ये कंपनीने ती नाकारून प्रकल्प सोडला. वीज महाग, कोळशाऐवजी लागणाऱ्या स्वस्त हायड्रोजनचा पत्ता नाही, पोलादाला उठाव नाही. आकडा सोडला तर आमच्या मालकांचं "आधी पगार" आणि हे यात मला फार फरक दिसत नाही.

कपाटातली ती फाइल पुढे निघाली का? निघाली, पण मंदी सरली म्हणून नाही. फेकायच्या काळ्या वाळूला आजूबाजूची गावं जागा देईनात आणि नवी वाळू आणायचं गाडीभाडंही वाढलं. मग तेच यंत्र तीन आठवड्यांत मंजूर झालं.

तुम्ही कंपन्यांना प्रश्नावली पाठवणार असाल तर "संकटात ग्रीन इनोव्हेशन केलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. त्या वर्षी ऑर्डर किती टक्के घटल्या, टनामागे वीज किती लागली, मेंटेनन्सचं बजेट किती कापलं आणि हातातलं कुठलं काम पुढे ढकललं, हे वेगवेगळं विचारा. आणि फाउंड्रीत गेलात तर "ग्रीन" हा शब्द जपून वापरा. आमच्याकडे ग्रीन सँड म्हणजे बेंटोनाइट (एक चिकट माती) आणि पाणी घालून मळलेली ओली वाळू. सुपरवायझर तुम्हाला अगदी मनापासून सांगेल, साडेतीन टक्के ओलावा आहे, एकदम बरोबर.