योंगजो ‘करडा’ आहे, पण ‘ग्रे’ नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाईंना ‘सादो’ या २०१५च्या कोरियन चित्रपटावर मराठीत लिहायचं आहे. राजा योंगजो आपल्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत कोंडतो आणि आठ दिवसांत पोरगा मरतो. १७६२ साली खरोखर घडलेली गोष्ट. तरी चित्रपटात बाप खलनायक वाटत नाही, आणि मुलगाही ‘धुतल्या तांदळासारखा’ नाही (हा वाक्प्रचार त्यांचाच, आणि बहुधा नकळत आलेला). इंग्रजीत अशांना ‘ग्रे’ म्हणतात, मग मराठीत ‘करड्या छटेची पात्रं’ लिहावं का? आणि नटांबद्दल ‘भूमिकेला न्याय दिला’ हे झिजलेलं वाक्य टाळून काय लिहावं?

‘करडा’ हा शब्द मराठीत रिकामा बसलेला नाही. करडी नजर, करडा आवाज, करडी शिस्त, करडा अंमल अशी कामं त्याला आधीच लागलेली आहेत. रंग म्हणून तो घोड्याला चालतो, मांजराला चालतो, फार तर दाढीला. माणसाच्या स्वभावाला लावला की मराठी माणसाला त्यात रंग नाही, धाक ऐकू येतो. मी घरात ‘करड्या छटेचा राजा’ हे शब्द मुद्दाम मोठ्यानं वाचून पाहिले. आईनं लगेच विचारलं, “फार कडक होता का?”

तिचं काहीच चुकलं नाही. गंमत म्हणजे या राजापुरतं उत्तर ‘हो’ असंच आहे. योंगजोनं १७२४ ते १७७६ अशी बावन्न वर्षं राज्य केलं. कोरियाच्या जोसन या राजघराण्यात इतकी वर्षं दुसरं कुणी गादीवर टिकलं नाही. त्याची आई राजवाड्यात अगदी खालच्या पायरीवरून वर आलेली. सावत्र भाऊ राजा असताना वारला आणि हा गादीवर आला, तेव्हा यानंच विष घातलं अशी कुजबूज झाली, ती पुढं कधी पुरती थांबली नाही. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहू नये म्हणून हा माणूस आयुष्यभर स्वतःला ताणत राहिला, आणि तोच ताण त्यानं पोराच्या मानेवर ठेवला. अभ्यास, बसणं, बोलणं, कपडे, सगळ्यावर करडी नजर. म्हणजे ‘ग्रे’चं भाषांतर म्हणून ‘करडा’ चुकीचा, पण योंगजोचं वर्णन म्हणून बरोबर. नेम चुकला आणि आंबा पडला, असा प्रकार.

दुसरी अडचण आणखी खोलात आहे. ‘ग्रे’ म्हणताना काळं म्हणजे वाईट, पांढरं म्हणजे चांगलं आणि दोन्ही कालवलं की मधलं काहीतरी, असा हिशेब गृहीत असतो. मराठीत तो जुळत नाही. तोंड काळं करतात हे खरं, पण जमीन ‘काळी आई’ आणि पंढरीचा देव सावळा. उलट ‘पांढऱ्या पायाची’ ही शिवी आणि ‘पांढरं कपाळ’ म्हणजे वैधव्य. शोकाचे कपडे जोसन दरबारातही पांढरेच असत. रंगपेटी मिटून ठेवावी आणि माणसं जवळून पाहावीत, हे बरं.

सादोच्या बायकोनं, हेग्योंगनं, उतारवयात आठवणी लिहून ठेवल्या आहेत. १७९५ ते १८०५ या दहा वर्षांत चार वेळा. त्यात योंगजोची एक सवय येते. नकोसं किंवा अशुभ काही ऐकलं की तो कान धुवायचा. मुलाला भेटायचा, “जेवलास का?” एवढं विचारायचा, उत्तर ऐकायचा, आणि तिथंच पाणी मागवून कान धुवायचा. ते पाणी टाकलं जायचं दुसऱ्या नावडत्या लेकराच्या, ह्वाह्योप नावाच्या मुलीच्या, महालाच्या दिशेला. पुढं ही दोघं भावंडं आपसात हसत, की आपण काय, बाबांचे कान धुण्यापुरते. आपल्याकडे कान उपटतात, पिळतात, टोचतात, फुंकतात, भरतात; धुवत मात्र नाहीत. म्हणून या प्रसंगाला तयार वाक्प्रचार शोधू नका. ‘त्यानं कान धुतले’ असंच लिहा. तेवढ्यानं काटा येतो.

आता मुलगा. त्याला कपड्यांची धास्ती बसली. एकदा अंगावर घालायचे तर दहा, वीस, कधी तीस जोड मांडावे लागत; काही तो भुताखेतांच्या नावानं जाळून टाकी, आणि त्यातून एखादा कसाबसा अंगावर चढे. जवळ उभं राहून कपडे घालणाऱ्यांच्या जिवावर बेते. चाकर मेले, खोजे मेले. एका खोजाचं मुंडकं हातात घेऊन हा अंतःपुरात हिंडला, असं त्याची बायकोच लिहिते. चित्रपट या बाजूवर फार रेंगाळत नाही. माझ्या मते थोडा जास्तच हात राखतो. शेवटी राजाकडे जाऊन ‘आता याचं काहीतरी करा’ म्हणाली ती सादोची सख्खी आई.

आणि तरीही नातवावर, यी सानवर, योंगजोचा जीव. युवराजाला गुन्हेगार ठरवून उघड देहदंड दिला असता तर तो डाग त्याच्या मुलालाही लागला असता आणि गादीला वारस उरला नसता. पेटीचा मार्ग निघाला त्यामागं हे एक कारण सांगितलं जातं. मराठीत आपण नातवंडाला दुधावरची साय म्हणतो. इथं साय राखायला दूध ओतून दिलं. हा नातू पुढं १७७६ मध्ये जॉंगजो या नावानं राजा झाला. त्याच्यावरच्या मालिकांत योंगजो येतो तो बव्हंशी आजोबा म्हणून, त्यामुळं त्या पाहून ‘सादो’कडे आलेला प्रेक्षक चांगलाच गोंधळतो. माणूस तोच आहे, फक्त नातं बदललंय.

तर अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं? ‘दुटप्पी’ नाही, कारण हा ढोंगी नाही. ‘पाताळयंत्री’ नाही, कारण यानं काही रचलेलं नाही. ‘फणसासारखा’ सगळ्यात घातक: फणसाचे काटे ओलांडले की गरे मिळतात, अशी त्यात हमी आहे, आणि सादोनं सत्तावीस वर्षं काट्यांखेरीज फारसं काही पाहिलं नाही. ‘बहुपेडी’ चांगला शब्द आहे. समीक्षेत रुळलेला, आणि वेणीच्या, दोरीच्या पेडांवरून आलेला. पण पेड शेजारी शेजारी नुसते ठेवूनही देता येतात. योंगजोत माया आणि तिरस्कार शेजारी नाहीत. एकमेकांवर आवळून बसलेत.

माझं मत ‘पीळ’ या शब्दाला. दोन पेड उलटसुलट वळले की जो बसतो तो पीळ. मग दोर मजबूतही होतो आणि ताठही. पोटात पडतो तोही पीळ, आणि सुंभ जळाला तरी जात नाही तोही पीळ. ‘या राजाच्या मायेलाच पीळ पडलाय’ असं लिहिलं तर ‘ग्रे’ शब्दातून निघालं नसतं इतकं निघतं. एक सावधगिरी मात्र बाळगा: बोलीत ‘काय पिळतोय यार’ म्हणजे कंटाळा आणतोय. त्यामुळं ‘पिळाचं पात्र’ असं सुटं लिहिलंत तर वाचक तिकीट काढणार नाही. ‘पीळ पडणे’, ‘पीळ बसणे’ असं क्रियापदासकट वापरा. तसंही अशा माणसांबद्दल मराठी विशेषणानं कमी आणि वाक्यानं जास्त बोलते. ‘कळतं पण वळत नाही’, ‘वाईट नाही हो, पण…’ वगैरे. त्या ‘पण’मध्ये निम्मी व्यक्तिरेखा असते.

कोरियनमध्ये ‘जॉंग’ नावाची एक भावना आहे: सहवासानं रुजणारा लळा. तिचे दोन प्रकार जोडीनं सांगतात. गोडीगुलाबीतून येतो तो ‘गोउन जॉंग’, आणि भांडून, रागावून, चिडूनही जो सुटत नाही तो ‘मिउन जॉंग’. हे समजावून सांगायला तळटीप लागत नाही. ‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना’ एवढं म्हटलं की मराठी घरात सगळ्यांना कळतं.

हेग्योंगच्या आठवणींचं नावही शब्दप्रेमींसाठी मौजेचं आहे. ‘हानजुंगनोक’. यातला ‘हान’ चिनी लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एका अक्षरानं अर्थ होतो निवांतपणा, दुसऱ्यानं होतो मनात साचलेलं दुःख. निवांतपणी लिहिलेल्या आठवणी, की सलत राहिलेल्या? दुसऱ्या ‘हान’ला मराठीत ‘सल’ हा शब्द मला चपखल वाटतो. ‘वेदना’ फार मोठा पडतो आणि ‘खंत’ फार सभ्य. हेग्योंगचा हेतूही सरळ एका पेडाचा नव्हता. ती पेटी हेग्योंगच्या वडिलांनीच सुचवली असा आरोप होता, आणि माहेरावरचा तो डाग पुसणं हे या लिखाणामागचं एक काम होतं. सासरा वाईट नव्हता, नवरा वाईट नव्हता, आजार वाईट होता, अशी तिची मांडणी. म्हणजे सांगणारीच्या सांगण्यालाही पीळ आहेच.

आता पेटी. कोरियन शब्द साधारण ‘त्वीजू’ असा ऐकू येतो. ‘कणगी’ लिहू नका. ती कामट्यांची विणलेली, लाकडी नव्हे. ‘कोठी’ म्हटलं की खोलीच डोळ्यासमोर येते. ‘पेटारा’ तर अजिबात नको. मराठी वाचकाला पेटारा म्हटलं की १६६६ सालचं आग्रा आठवतं, बाप आणि लेक दोघंही निसटलेले. तो शब्द इथं वापरलात तर वाचक आठही दिवस सुटकेची वाट पाहत बसेल. ‘संदूक’ किंवा सरळ ‘तांदळाची पेटी’.

जाता जाता, चित्रपट मूळ आवाजात पाहिलात तर युवराज बापाला ‘आबामामा’ म्हणताना ऐकू येईल. आमच्याकडे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘आबा की मामा, एक काय ते ठरव’ म्हणून हशा झाला. त्यातला ‘मामा’ हा राजघराण्यातल्या माणसाला लावायचा आदरार्थी प्रत्यय आहे. भाषांतरात ‘आबासाहेब’ चालून जाईल.

राहिला अभिनय. ‘भूमिकेला न्याय दिला’ या वाक्याचा मला एरवीही कंटाळा आहे, पण या चित्रपटात ते उलटंच पडतं. न्याय द्यायला सगळे टपलेले आहेतच: दरबार, इतिहास, प्रेक्षक. नट तेवढा न्यायाधीश व्हायचं नाकारतो. जुने नाटकवाले साधं म्हणत, ‘काम छान झालं’. तो ‘काम’ शब्द परत आणायला हरकत नाही. ‘वठणे’ही आहे, ‘सोंग चांगलं वठलं’. योंगजोचं काम करणाऱ्या नटाचं आडनावच सोंग, सोंग कांग-हो, तेव्हा कोटीचा मोह आवरा. मी आवरला नाही, ते सोडा.

पण त्यापेक्षा त्यानं काय केलं ते लिहा. तो राजेशाही थाटात गरजत नाही, घरातल्या म्हाताऱ्यासारखा कुरकुरत, टोचत बोलतो. वाक्य टाकतो आणि उत्तर यायच्या आत तोंड फिरवतो. काळ सरकतो तसा आवाज खरखरीत होत जातो, बेअरिंग मात्र कुठं सुटत नाही. मुलगा गेल्यावर तो पेटीत हात घालून चेहरा चाचपतो, आणि परत निघताना विजयाची वाद्यं वाजवायला सांगतो, ते रडत रडत. सादोचं काम यू आ-इनचं. त्याला त्या वर्षी ब्लू ड्रॅगन पुरस्कारात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. त्याचा एक प्रसंग विसरत नाही. नेमबाजीत बाण लक्ष्यावर बसतायत, आणि तो एकाएकी धनुष्य वर करून रिकाम्या आकाशात बाण सोडतो. चेहऱ्यावर बंड नाही, नुसतं हलकं वाटल्याचा भाव. तुमच्या परीक्षणात ‘संयत अभिनय’ या दोन शब्दांऐवजी हा बाण आला तर मला जास्त आवडेल.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. नाव ‘साडो’ लिहू नका, ‘सादो’ लिहा. आणि त्याचं भाषांतर करायचा मोह झालाच तर पुढचं वाचून करा. हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. ‘सा’ म्हणजे आठवणे आणि ‘दो’ म्हणजे मृताबद्दल शोक करणे, अशा दोन अक्षरांचं ते मरणोत्तर नाव आहे. मुलगा पेटीत मेल्यावर ते त्याला बापानं दिलं.