सिरॅमिक कोटिंग केल्यावर गाडीवर ओरखडे पडत नाहीत, हे खरं आहे का?

नाही, ओरखडे पडतात. सिरॅमिक कोटिंग म्हणजे बाटलीतून गाडीच्या रंगावर लावलेला, सुकून कडक होणारा पातळ पारदर्शक थर. विक्रेते तो विकताना सहसा सांगतात त्या तीन गोष्टींपैकी ‘ओरखडे पडणार नाहीत’ ही चुकीची आहे, ‘गाडी फारशी धुवावी लागणार नाही’ ही अर्धी खरी आहे, आणि ‘पाच वर्षं टिकेल’ हे बाटलीपेक्षा गाडी कशी धुतली जाते त्यावर ठरतं. म्हणून कोटिंग निरुपयोगी ठरत नाही. पण ते कशासाठी करायचं, हे आधी नीट समजून घ्या.

जाडीपासून सुरुवात करू. कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा. त्यावरचं सिरॅमिक कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉन. बाटलीवर ठळक छापलेलं ‘९एच’ हे पेन्सिलीचं माप आहे: ठरावीक कठीणपणाची पेन्सिल ४५ अंशांत दाबून सरकवायची आणि पृष्ठभागावर चरा उमटतो का ते पाहायचं. विकताना मात्र हा आकडा खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोस श्रेणीतला ९ असल्यासारखा सांगितला जातो. तिथे ९ म्हणजे कुरुंद, माणिक आणि नीलम ज्याचे बनतात ते खनिज. या दोन मापांचा एकमेकांशी काही संबंध नाही. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोस श्रेणीत ७ चे, आणि पेन्सिलीच्या शिशापेक्षा ते कितीतरी कठीण. शिवाय खाली क्लिअर कोट मऊ आहे. गादीवर पातळ काच ठेवून दाबली तर काच कितीही कठीण असली तरी तडकते, तसंच हे. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की कोटिंग असो वा नसो, बारीक गोल चरे पडणारच.

मग मिळतं काय? पाणी गोळा होऊन घरंगळतं आणि चिखल घट्ट चिकटत नाही, त्यामुळे धुताना कमी घासावं लागतं. माझ्या मते खरा फायदा हाच, कारण बहुतेक चरे धुताना आणि पुसतानाच पडतात. पक्ष्यांची विष्ठा आणि किडे थेट क्लिअर कोटवर बसत नाहीत, त्यामुळे ते पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. पण तो वेळ काही तासांचा समजा. तापलेल्या बॉनेटवर विष्ठा दिवसभर राहिली तर डाग खाली उतरतोच. उन्हापासून संरक्षणाचा दावा मला फुगवलेला वाटतो: अतिनील किरण शोषणारी द्रव्यं क्लिअर कोटमध्ये आधीच असतात, एक मायक्रॉनचा थर त्यात फारशी भर घालू शकत नाही.

एक तोटा विक्रेते सहसा सांगत नाहीत. गोल थेंब उन्हात जागच्या जागी सुकले की पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल डागांच्या रूपात मागे राहतात. तुमच्याकडचं पाणी जड असेल तर कोटिंग केलेल्या गाडीवर हे डाग जास्त उठून दिसतात. धुतल्यावर लगेच टिपून घ्यायची सवय नसेल तर आधी ती लावा.

आता पैसे नेमके कशाचे द्यायचे. चकाकीचा मोठा हिस्सा कोटिंगचा नसून त्याआधीच्या पॉलिशिंगचा असतो. क्रम असा: धुणं, लोहकण काढणारं रसायन (ते जांभळं पडत वाहतं), क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी), मग कंपाउंड (चरे घासून काढणारी भरड पेस्ट) आणि पॉलिश, आणि शेवटी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. ही शेवटची पायरी गाळली तर पॉलिशमधलं तेल पृष्ठभागावर राहतं, कोटिंगला धरायला जागा मिळत नाही आणि काही महिन्यांत ते उतरतं. चरे न काढता कोटिंग केलं तर ते चरे खाली तसेच राहतात. मग ते काढायला कोटिंगच घासून काढावं लागतं.

लावताना एका वेळी साधारण दोन फूट बाय दोन फूट भाग घ्यावा, सावलीत, पत्रा थंड असताना. आडवे-उभे हात फिरवायचे. इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की, म्हणजे तापमानाप्रमाणे एक ते पाच मिनिटांत, मायक्रोफायबरने समतल पुसायचं. उशीर झाला तर जाड गडद पट्टे तिथेच घट्ट होतात आणि पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. गाडी ताब्यात घेताना तिरप्या उजेडात हे पट्टे शोधा, विशेषतः दारांच्या कडांशी. पहिले २४ तास पाणी नको, पहिला आठवडा शाम्पू नको. नव्याने रंगवलेल्या भागावर किमान महिनाभर थांबा, आतले सॉल्व्हंट उडून जायला हवेत.

पाच वर्षांची वॉरंटी सही करण्याआधी पूर्ण वाचा. दरवर्षी त्यांच्याकडेच सशुल्क तपासणी केली नाही तर ती रद्द होते, अशी अट अनेकदा असते. ‘ग्राफीन’ (कार्बनचा एक प्रकार) या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका; बहुतेक बाटल्यांत मूळ रसायन सिलिकाच्या जातीचंच असतं. आणि चिंता खडे उडून पडणाऱ्या टवक्यांची असेल तर कोटिंगचा उपयोग नाही. त्यासाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागते, म्हणजे १५०-२०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म. पूर्ण गाडीला ती महाग पडते, पण फक्त पुढचा बंपर, बॉनेट आणि आरशांना लावली तरी काम होतं.

पुढे कधी पाणी घरंगळायचं थांबलं तर लगेच पुन्हा कोटिंग करायला धावू नका. बऱ्याचदा वर मळाचा आणि क्षारांचा पापुद्रा बसलेला असतो. लोहकण काढणारं रसायन आणि त्यानंतर सौम्य आम्लयुक्त शाम्पू वापरून पाहा. तरीही पाणी पसरूनच राहिलं तर कोटिंग संपलं समजा. नवं करण्याआधी पुन्हा पॉलिश लागेल आणि दर पॉलिशला क्लिअर कोट थोडा झिजतो, म्हणून काम सुरू होण्याआधी जाडीमापकाने प्रत्येक भागाचे आकडे काढून घ्या.