एफडी मोडू की लोन घेऊ? आधी राजीनामा थांबवा

पत्र थोडक्यात असं: वय 32, पुण्यात आयटीत नोकरी, दोन मित्रांसोबत मोबाईल गेमचा छोटा स्टुडिओ काढायचाय, प्रत्येकी 6 लाख घालायचेत. 9 लाखांची एफडी आहे, ती मोडू की पर्सनल लोन घेऊ? राजीनामा पुढच्या महिन्यात. बायको सध्या नोकरीत नाही, मूल दोन वर्षांचं.

दोन्ही नको. घरखर्च महिना 45 हजार म्हणताय, पगाराविना दीड वर्षाचे झाले 8 लाख, म्हणजे एफडी घरातच संपली. लोन 14 टक्क्यांनी पाच वर्षांचं धरलं तर हप्ता 14 हजार, तोही पगार बंद झाल्यावर.

पण मला खरी धडकी भरली ती पत्राच्या शेवटच्या ओळीने. "वडिलांना स्टेंट आहे, शुगर आहे, पण ते कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत आणि माझी पॉलिसी पण आहे, त्यामुळे बॅकअपचं टेन्शन नाही." अहो, नोकरी सुटली की ते कव्हर सुटलं! वडिलांसाठी बाहेर नवीन पॉलिसी घ्यायला गेलात तर स्टेंटचं ऐकून प्रीमियम वाढवतील किंवा सरळ नाही म्हणतील, आणि दिलीच तरी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावू शकतात, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळणार नाही. त्यामुळे आधी एचआरला विचारा की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आणि तो अर्ज नोकरीत असतानाच करायचा, शेवटच्या दिवसानंतर नाही.

आता ती "पॉलिसी". वर्षाला 1.2 लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 24 लाख, "पैसे डबल, गॅरंटीड". हिशोब केला तर परतावा जेमतेम साडेचार टक्के निघतो, एफडीपेक्षा कमी. आणि कव्हर किती, तर 12 लाख! तुम्हाला उद्या काही झालं तर घराला दोन-सव्वादोन वर्षं पुरतील. हे ज्याने तुमच्या गळ्यात मारलं त्याला कमिशन मिळालं, तुम्हाला ना धड विमा मिळाला ना धड गुंतवणूक, मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा, तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण 12-15 हजारात बसतो. पण टर्मला उत्पन्नाचा पुरावा लागतो, आज सॅलरी स्लिप आहे, सहा महिन्यांनी नसेल, म्हणून तो नोकरीत असतानाच घ्या. टर्म हातात आला की मग जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेने चालू, चार हप्ते भरलेत त्यामुळे करता येईल, वर्षाचे 1.2 लाख वाचतील.

स्टुडिओबद्दल. "एक लाख डाउनलोड झाले की सुटलो" असं लिहिलंय. बरं, त्यातल्या 2 टक्के लोकांनी 100-100 रुपये खर्च केले असं उदारपणे धरू, झाले 2 लाख. गूगल प्लेचे 15 टक्के गेले, उरले 1.7 लाख, तिघांत प्रत्येकी 57 हजार. गेममध्ये दिसणाऱ्या जाहिरातींचे थोडे वर धरा, तरी एका महिन्याचा पगारही सुटत नाही आणि तुम्ही तर तिघांचे मिळून 18 लाख घालताय. ते लाख डाउनलोड आणायला जाहिरातीवर जो खर्च होईल तो यात धरलेलाच नाहीये.

गेम करू नका असं मी म्हणत नाहीये, चार वर्षं रात्री जागून शिकलाय, करा. फक्त नोकरीत राहून सहा महिन्यांत एक छोटा गेम स्टोअरवर आणा, प्रत्येकी दीड लाखात. लोक दुसऱ्या दिवशी परत उघडतात का बघा. त्याआधी ऑफर लेटर काढून बाहेरच्या कामाचा आणि कोडच्या मालकीचा क्लॉज वाचा, नाहीतर गेम कोणाचा यावरच वाद होईल. आणि "डीड नंतर बघू", म्हणजे भागीदारीचा करार मागाहून, हे बिलकुल नको. साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज तुमच्या एकट्याकडूनही वसूल होऊ शकतं, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, आणि एखादा मध्येच सोडून गेला तर त्याचा हिस्सा आणि कोड कोणाकडे राहणार हे करारात लिहून घ्या.

या आठवड्यात दोनच कामं: एचआरला मेल आणि टर्मचा अर्ज. राजीनाम्याची तारीख वडिलांचं कव्हर पक्कं झाल्यावर ठरवा.