‘मिस करणे’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी शिकायला जर्मनीत असते आणि फोन ठेवताना ‘मिस यू, आई’ म्हणते. ‘मलाही तुझी आठवण येते’ हे उत्तर आईला तोकडं वाटतं आणि ‘मिस यू टू’ तोंडातून निघत नाही. तर ‘मिस’ला नेमका मराठी शब्द कोणता?

एकच एक शब्द नाही. पण या अर्थापुरतं विचारत असाल तर ‘आठवण येते’पेक्षा जवळचे दोन प्रयोग आपण रोज करतो: ‘करमत नाही’ आणि ‘चुकल्यासारखं वाटतं’. आठवण कशाचीही येते. भरायच्या राहिलेल्या वीजबिलाचीही येते, आणि त्यात विरह वगैरे काही नसतो. ‘तू गेल्यापासून करमत नाही गं’ म्हटलं की समोरच्याचं नसणं आणि त्याचा आपल्याला होणारा त्रास, दोन्ही एका दमात सांगून होतं.

‘चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं’ तर मला ‘मिस’चा सख्खा भाऊच वाटतो. इंग्रजीतल्या या क्रियापदाचा जुना अर्थ नेम हुकणे, लक्ष्य न लागणे असा. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हॅथकिन नावाच्या राजपुत्राचा बाण निशाणावर न लागता स्वतःच्या भावाला लागतो आणि भाऊ मरतो, तिथे हेच क्रियापद आलं आहे. माणसाच्या नसण्याने जीव कासावीस होणे हा अर्थ पुढच्या काळातला. आता आपलं ‘चुकणे’ बघा. नेम चुकतो, वाट चुकते, गणित चुकतं, आणि जवळचं माणूस घरात नसलं की चुकल्यासारखं वाटतं. दोन्ही भाषा आपापल्या वाटेने त्याच ठिकाणी पोचल्या.

‘उणीव भासते’ हाही शब्द सुचवला जातो. अर्थाने अचूक आहे, पण तो निवृत्तीच्या निरोप समारंभाचा आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा. माहेरी गेलेल्या बायकोला फोन करून ‘तुझी उणीव भासते’ असं सांगून बघा, ती आधी तब्येतीची चौकशी करेल. गावाकडच्या बोलीत ‘सय येते’ आहे, जात्यावरच्या ओव्यांतून माहेराची सय येते तोच हा शब्द. विदर्भात सर्रास ‘याद येते’ ऐकू येतं. गोव्यात कोंकणीत ‘तुजो उगडास येता’.

आता बाकीचे अर्थ. खरी गंमत तिथे आहे, कारण इंग्रजीत जो मुकतो तोच नेहमी वाक्याचा कर्ता असतो. बस गेली, झेल सुटला, गोळी घ्यायची राहिली, काहीही असो, ‘मी’ मिस केलं. मराठी हे सगळं माणसाच्या डोक्यावर टाकत नाही. ‘माझी बस चुकली’ यात चुकणारी बस आहे! ‘मी बस चुकलो’ असं कोणी म्हणत नाही, मात्र ‘मी रस्ता चुकलो’ बिनदिक्कत म्हणतो. मुंबईकर तर चुकण्याच्याही भानगडीत पडत नाही, ‘८.१२ची गेली’ एवढंच म्हणतो आणि पुढच्या गाडीचा इंडिकेटर बघतो.

झेल ‘सुटतो’. ‘सोडला’ म्हटलं की क्षेत्ररक्षकावर ठपका येतो. चेंडू बॅटला लागला नाही तर तो ‘हुकला’, आणि फलंदाज ९७ वर बाद झाला तर शतकही ‘हुकलं’. हुकण्यात थोडक्यासाठी गेल्याची हळहळ आहे, म्हणून संधी हुकते, पहिला नंबर हुकतो. जो ४ धावांवर बाद झाला त्याचं शतक हुकलं असं आपण म्हणत नाही. दुखापतीमुळे खेळाडू घरीच राहिला तर वर्तमानपत्र लिहितं, ‘पहिल्या कसोटीला मुकणार’. हे ‘मुकणे’ संस्कृत ‘मुच्’ धातूच्या कुळातलं, म्हणजे ‘मुक्त’चं नातेवाईक. पण मराठीत त्याने सुटकेचा आनंद टाकून देऊन फक्त गमावणं ठेवलं. बढतीला मुकतो, वारसाहक्काला मुकतो, प्राणाला मुकतो. मुकायला वस्तू मोठी लागते. ‘मी बसला मुकलो’ म्हणणारा माणूस एक तर विनोद करतोय किंवा ती दिवसातली एकुलती एक एसटी होती.

गोळीचं, निरोपाचं, फोन करण्याचं मात्र ‘राहतं’. ‘रात्रीची गोळी राहिली’, ‘तो सिनेमा बघायचा राहून गेला’. माझ्या मते ‘मिस’चा सर्वांत जास्त वापरात असलेला मराठी पर्याय हाच आहे, आणि भाषांतर करणाऱ्यांना नेमका तोच सुचत नाही. कारण शब्दकोशात ‘मिस’खाली तो शोधायला कोणी जात नाही, आणि ‘राहणे’खाली पहिला अर्थ वस्तीचा येतो.

मुद्दाम केलं असेल तर क्रियापद बदलतं. कर चुकवतात, नजर चुकवतात, वार चुकवतात, तास बुडवतात, ऑफिसला दांडी मारतात. शाळा मात्र ‘बुडते’ही आणि ‘बुडवली’ही जाते, तापाने पडला की पहिलं, मॅच असली की दुसरं. दूधवाला किंवा कामाच्या मावशी आल्या नाहीत की ‘खाडा’ होतो. हे खाडे कॅलेंडरच्या चौकोनात लिहिले जातात आणि महिनाअखेरीला हिशेबात निघतात. इंग्रजी ‘मिस’ हेतूबद्दल बहुतेक वेळा गप्प राहतं, आपण क्रियापदातच निकाल देऊन टाकतो.

म्हणूनच ‘मिस’ मराठीत आलं तेही आपल्या अटींवर आलं. नीट ऐका: ‘बस मिस झाली’, ‘कॅच मिस झाला’, ‘स्टॉप मिस झाला’, पण ‘लेक्चर मिस केलं’, ‘पार्टी मिस केली’. होणे आणि करणे ही वाटणी इंग्रजीने दिलेली नाही. चुकणे-चुकवणे, बुडणे-बुडवणे या जोड्यांच्या सवयीने आपण ती परक्या शब्दालाही लावली. माणसांच्या बाबतीत मात्र ‘मी तुला मिस करते’ हेच रुळलंय, आणि कानाला खटकतं ते त्यातलं ‘करते’. मराठीत विरह करत नाहीत, तो होतो. ‘मला’ करमत नाही, ‘मला’ आठवण येते. फ्रेंच माणूसही ‘तू मला उणा पडतोस’ अशाच वळणाने बोलतो, तेव्हा हे काही आपलंच वेगळेपण नव्हे. जर्मन मात्र इंग्रजीसारखंच कर्तरी बोलतात, पण गाडी चुकायला, नेम हुकायला आणि माणसासाठी झुरायला त्यांच्याकडे तीन वेगळी क्रियापदं आहेत. लेकीला विचारा, एव्हाना शिकली असेल.

अनुवाद करणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन. ‘फारसं काही मिस केलं नाहीस’ याला मराठीत ‘आला नाहीस तेच बरं’ किंवा ‘विशेष काही नव्हतं’. ‘मुद्दा मिस केलास’ म्हणजे ‘मुद्दा तुझ्या लक्षातच आला नाही’. ‘मिसिंग’ माणूस बेपत्ता, फाइल गहाळ, चष्मा सापडत नाही. कोणी ‘माझा चष्मा गहाळ झाला’ म्हणालं तर तो सरकारी नोकरीत होता असं समजावं. शाळेतल्या ‘मिस’चा यात संबंध नाही, ती ‘मिस्ट्रेस’ची धाकटी.

‘मिस कॉल दे’चं मात्र भाषांतर करू नये. तिथे कोणाचं काही चुकत नाही, हुकत नाही, राहत नाही. नंबर सेव्ह होतो आणि पैसे वाचतात.