गटात तिघांचे दोन-दोन विजय झाले तर उपांत्य फेरीत कोण?

बडोद्यात वाघोडिया रोडवरच्या तुमच्या सोसायटीत एकच सिंथेटिक टेनिस कोर्ट आहे, खेळाडू आठ, आणि ट्यूरिनच्या एटीपी फायनल्ससारखी (वर्षअखेरीची, अव्वल आठ पुरुष टेनिसपटूंची स्पर्धा) दोन गटांची स्पर्धा डिसेंबरात घ्यायची आहे. गेल्या वर्षी एका गटात तिघे २-१ वर (दोन विजय, एक पराभव) अडकले आणि भांडण झालं, म्हणून नियम विचारलाय.

एटीपीचा क्रम आहे तसाच उचला. आधी विजय मोजायचे, मग खेळलेले सामने. दोघेच बरोबरीत असतील तर आपसातला सामना जिंकणारा पुढे. तिघे असतील तर जिंकलेल्या सेटची टक्केवारी, तीही सारखी असेल तर गेमची (सेट ज्यांचा बनतो त्या छोट्या डावांची) टक्केवारी, आणि अगदी शेवटी रँकिंग. बहुतेक जण चुकतात ते इथे: सेटच्या टक्केवारीने तिघांतला एक वर गेला किंवा खाली पडला आणि उरलेले दोघे सारखेच राहिले, तर त्यांच्यासाठी गेम मोजायचे नाहीत, परत आपसातला सामना बघायचा. दुसरी चूक म्हणजे वजाबाकी. ४-२ आणि ५-३ दोन्हींत फरक दोनचाच, पण टक्केवारी ६६.७ आणि ६२.५. भागाकारच करा.

२०१९ची लंडनमधली एटीपी फायनल्स बघा. त्सित्सिपास, झ्वेरेव आणि नदाल तिघेही २-१. त्सित्सिपासचे सेट ५-२, झ्वेरेवचे ४-२, नदालचे ४-४. नदालने दोन्ही विजय तीन सेटमध्ये मिळवले आणि झ्वेरेवकडून सरळ सेटमध्ये (एकही सेट न जिंकता) हरला, म्हणून तोच बाहेर. त्सित्सिपास पुढे विजेता झाला. २००९ मध्ये तर फेडरर, डेल पोत्रो आणि मरे या तिघांचे सेटही ५-४ असे सारखे होते. गेम मोजले तर फेडरर ४४-४०, डेल पोत्रो ४५-४३, मरे ४४-४३. एका गेमवरून मरे घरी गेला. हा हिशेब खेळाडूंना आधीच दाखवा, म्हणजे ०-५ ने मागे असलेला खेळाडूही सेटमधला एकेक गेम जीव तोडून खेळेल.

सोडत काढताना पहिला मानांकित एका गटात, दुसरा दुसऱ्या गटात, आणि ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्यांतून चिठ्ठ्या. दुसऱ्या फेरीत गटातले जिंकलेले दोघे एकमेकांशी आणि हरलेले दोघे एकमेकांशी खेळवा. मग दोन फेऱ्यांनंतर गटाचं चित्र नेहमी २-०, १-१, १-१, ०-२ असंच राहतं. ०-२ वाल्याला मात्र घरी जाऊ देऊ नका. त्याचा शेवटचा सामना २-० वाल्याशी नसेल, २-० वाला शेवटचा सामनाही जिंकला आणि ०-२ वाल्याने आपला जिंकला, तर उरलेले तिघे १-२ वर येतात आणि त्यातला एक उपांत्य फेरीत जातो. सोसायटीच्या स्पर्धांत हाच माणूस 'आपलं संपलं' म्हणून तिसऱ्या सामन्याला येत नाही आणि अख्ख्या गटाचा हिशेब बिघडतो.

कोणी दुखापतीने सामना सोडला तर विजेत्याला सरळ दोन सेट द्या, पण त्या सामन्याचे गेम टक्केवारीत धरू नका. एक राखीव खेळाडू तयार ठेवा. तो मध्येच आला तर त्याचे सामने कमी भरतात, आणि विजय सारखे असले तरी तीन सामने खेळलेला त्याच्या पुढे राहतो. 'खेळलेले सामने' ही पायरी त्यासाठीच आहे.

सामने एकूण पंधरा: गटांचे बारा, दोन उपांत्य, एक अंतिम. एका कोर्टावर रोज चार, दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी दिव्याखाली, असे धरले तर शनिवार, रविवार आणि पुढचा शनिवार गटांना जातो. त्या रविवारी सकाळी उपांत्य, संध्याकाळी अंतिम. उपांत्य फेरीत गटविजेता समोरच्या गटातल्या दुसऱ्याशी. तिसरा सेट पूर्ण न खेळवता दहा गुणांचा सुपर टायब्रेक ठेवा. हिशेबात तो एक सेट आणि एकच गेम, हे लिहूनच ठेवा, नाहीतर कोणीतरी १०-८ चे अठरा गेम मोजेल.

चेंडूंचे पंधरा डबे आणि वर दोन. बडोद्यात डिसेंबरात रात्री उशिरा दव पडतं, चेंडू भिजून जड होतात आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर बूट सरकतो, म्हणून संध्याकाळचा पहिला सामना साडेपाचलाच सुरू करा. उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) जवळ आलेलं असतं, तुटलेला मांजा कुंपणाच्या जाळीतून कोर्टावर लोंबत असतो आणि बेसलाइनमागे (कोर्टाच्या मागच्या रेषेपलीकडे) गुंता होऊन पडतो. मागे धावणाऱ्याच्या पायात तो अडकतो. प्रत्येक सामन्याआधी झाडू मारायला एक जण नेमा, आणि जाळीतले धागे हाताने ओढू नका, कात्रीने कापा.