वाचकांचे प्रश्न : स्मिता पाटील, सनावळ्या आणि पडदा

(१७ ऑक्टोबर हा स्मिता पाटील यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त नागपुरातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर स्मिताताईंचा जीवनपट लावायचा आहे. ‘चक्र’साठीचे राष्ट्रीय पारितोषिक कुठे १९८०चे लिहिले आहे, कुठे १९८१चे. ‘उंबरठा’चेही तसेच. मुलांना कोणते साल सांगू?
– एक शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : दोन्ही सांगा, पण कोणते साल कशाचे तेही सांगा. एका चित्रपटाला किमान तीन साले चिकटलेली असतात : सेन्सॉर प्रमाणपत्राचे, प्रदर्शनाचे आणि पारितोषिक वितरणाचे. राष्ट्रीय पारितोषिकासाठी पहिले साल धरतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात ज्यांना प्रमाणपत्र मिळाले ते चित्रपट त्या वर्षाच्या स्पर्धेत येतात. मग चित्रपट थिएटरात कधी लागो. ‘चक्र’ लोकांनी पाहिला १९८१मध्ये, पण अभिनेत्रीचे पारितोषिक १९८०च्या चित्रपटांसाठीचे, म्हणजे २८वे. ‘उंबरठा’ १९८२चा म्हणून ओळखला जातो आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे त्याचे पारितोषिक १९८१च्या खात्यात आहे. ‘मिर्च मसाला’ त्यांच्या निधनानंतर, १९८७मध्ये पडद्यावर आला, तरी पारितोषिके १९८६ची. ‘भूमिका’चा घोळ त्यामानाने कमी : चित्रपट १९७७चा, पारितोषिक १९७७साठीचे (२५वे), हातात पडले १९७८मध्ये.

भिंतीवरच्या तक्त्यात ‘प्रदर्शन’ आणि ‘पारितोषिक वर्ष’ असे दोन रकाने करा. एकाच रकान्यात सगळे कोंबले की पुढच्या वर्षी कोणीतरी ‘दुरुस्ती’ करतो आणि बरोबर असलेलेही बिघडते.

प्रमाणपत्र चित्रपटाच्या सुरुवातीला काही सेकंद दिसते. तिथे थांबवून वाचा : भाषा, वर्ग, रिळांची संख्या, लांबी मीटरमध्ये आणि तारीख. एक सापळा मात्र आहे. सर्वांसाठीचा ‘यू’ आणि फक्त प्रौढांसाठीचा ‘ए’ यांच्या मधला ‘यूए’ हा वर्ग १९८३च्या जूनपासून आला. त्याआधीच्या चित्रपटावर ‘यूए’ दिसले, तर ते प्रमाणपत्र नंतर, बहुधा टीव्ही किंवा व्हिडिओसाठी, नव्याने घेतलेले आहे. त्यावरची तारीख चित्रपटाचे साल म्हणून लावू नका. सेन्सॉर मंडळाच्या नावावरूनही हे कळते : इंग्रजी नावातला ‘सेन्सॉर्स’ हा शब्द जाऊन ‘सर्टिफिकेशन’ आला तोही १९८३मध्येच.

प्रश्न : आमचे बाबा म्हणतात की ‘जैत रे जैत’ पुण्याला लागून गेल्यावर कितीतरी उशिरा नागपुरात आला. हे खरे असेल का? नागपूरची तारीख कुठे सापडेल?
– महाल

उत्तर : खरे असायला काहीच हरकत नाही. चित्रपट व्यवसायाच्या नकाशात विदर्भ मुंबई सर्किटमध्ये (म्हणजे वितरणाच्या विभागात) येत नाही, तो सीपी-बेरार सर्किटमध्ये येतो. राज्य १९६०मध्ये झाले, पण वितरणाच्या हद्दी जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्याच राहिल्या. म्हणजे मुंबई-पुण्याचा वितरक वेगळा आणि आपल्याकडचे हक्क घेणारा वेगळा. त्या काळी प्रिंट महाग, मराठी चित्रपटाच्या प्रती मोजक्या. पश्चिम महाराष्ट्रात फिरून झालेली प्रतच पुष्कळदा इकडे यायची, वर ओरखडे घेऊन.

नागपूरची तारीख शोधायची तर त्या काळच्या ‘तरुण भारत’, ‘लोकमत’ आणि ‘हितवाद’च्या फायली काढा. बातम्या वाचत बसू नका, थेट सिनेमाच्या जाहिरातींचे पान उघडा, तेही शुक्रवारचे. ‘आजपासून’ असे मिळाले तर काम झाले. नाहीतर ‘तिसरा आठवडा’ अशी शुक्रवारची जाहिरात मिळाली की दोन शुक्रवार मागे जा. ‘मॅटिनी’ लिहिलेले असेल तर सावध राहा, तो बहुतेक दुसऱ्या फेरीचा खेळ असतो. एका वर्तमानपत्रावर थांबू नका. ऐन वेळी चित्रपट बदलायचा आणि जाहिरात आधीच छापून गेलेली असायची.

प्रश्न : स्मिता पाटील यांचे एकूण चित्रपट किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.
– नंदनवन

उत्तर : आकडा वेगळा येतो कारण मोजणाऱ्याने नियम सांगितलेला नसतो. ‘उंबरठा’ची हिंदी आवृत्ती ‘सुबह’. हे एक की दोन? बेनेगलांचा ‘कोंडुरा’ तेलुगूत ‘अनुग्रहम’. तेच कोडे. सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ (१९८१) दूरदर्शनसाठी केलेला, थिएटरसाठी नव्हे. अरुण खोपकरांचा ‘तीव्र मध्यम’ (१९७४) ही फिल्म इन्स्टिट्यूटची पदविका फिल्म. त्यात निधनानंतर पडद्यावर आलेले चित्रपट. काही याद्यांत पाहुण्या भूमिकाही धरलेल्या असतात.

आमची पद्धत अशी : आधी थिएटरातले कथापट, मग दूरचित्रपट, मग लघु आणि पदविका फिल्म. दोन भाषांत स्वतंत्र चित्रित झालेला चित्रपट दोनदा, नुसता डब केलेला एकदाच. प्रत्येक नावापुढे श्रेयनामावलीत नाव स्वतः पाहिले की ऐकीव आहे याची खूण. या खुणेनेच निम्मी भांडणे मिटतात.

भाषांचा रकाना मात्र जरूर ठेवा, कारण त्यांच्या कामाचा आवाका तिथे दिसतो. मराठी-हिंदीखेरीज गुजरातीत केतन मेहतांचा ‘भवनी भवाई’, बंगालीत मृणाल सेन यांचा ‘अकालेर संधाने’, मल्याळममध्ये अरविंदन यांचा ‘चिदंबरम’. सेन यांच्या चित्रपटात तर त्या स्मिता नावाची अभिनेत्रीच आहेत. आणि त्याच वर्षांत ‘नमक हलाल’, ‘शक्ती’सारखे तद्दन व्यावसायिक चित्रपटही आहेत. ते यादीतून गाळून ‘फक्त समांतरवाली’ अशी त्यांची प्रतिमा उभी करणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न : ‘उंबरठा’ची सगळी गाणी सुरेश भटांची आहेत ना? रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात कार्यक्रम आहे, निवेदनात तसे म्हणायचे आहे.
– सक्करदरा

उत्तर : तसे म्हणू नका. ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ आणि ‘गंजल्या ओठास माझ्या’ भटांची. ‘चांद मातला’ आणि ‘गगन सदन तेजोमय’ वसंत बापटांची. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. कथा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. निवेदनात स्मिताताईंच्या पात्राचे नाव घ्याल तर सुलभा महाजन.

विदर्भाशी धागा जोडायचाच असेल तर आणखी एक आहे. स्मिताताईंचा पहिला कथापट ‘चरणदास चोर’ (१९७५) हबीब तन्वीर यांच्या नाटकावरून, छत्तीसगडी लोककलावंतांना घेऊन केलेला. आणि तन्वीर आपल्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबला ऑक्टोबरात तीन चित्रपटांचा छोटा महोत्सव करायचा आहे. डीव्हीडी आमच्याजवळ आहेत, कॉलेजचा हॉल आहे, साधा प्रोजेक्टर आहे. काय काळजी घ्यावी?
– सिव्हिल लाइन्स

उत्तर : आधी हक्कांचे पाहू. विकत घेतलेली डीव्हीडी घरी पाहण्यासाठी असते, सभागृहासाठी नाही. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोक एवढेच असले पाहिजेत. फेसबुकवर ‘सर्वांना आमंत्रण’ टाकले की सवलत संपली, प्रवेश फुकट असला तरी. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९७७चा ‘भूमिका’ २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहे.

बाहेरचे लोक बोलवायचे असतील तर निवड करतानाच हक्कदार कोण ते पाहा. ‘मिर्च मसाला’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची (एनएफडीसी) निर्मिती. ‘मंथन’ गुजरातच्या दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला, सुमारे ५ लाख शेतकऱ्यांच्या पैशाचा. त्यासाठी आणंदच्या सहकारी दूध महासंघाला लिहावे लागेल. त्याची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२४मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा जुनी डीव्हीडी लावण्याआधी तिची चौकशी करा. संस्थांकडून उत्तर मिळते, उशिरा का होईना. खासगी निर्मात्याच्या वारसांपर्यंत पोचण्यात महिने जातात. पत्रात तारीख, सभागृह, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही आणि कोणत्या स्वरूपात दाखवणार, हे पाच मुद्दे पहिल्याच वेळी लिहा. दोन महिने हातात ठेवा.

आता पडदा. ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच चित्र म्हणजे १२ चौरस मीटर. थिएटरसारखा उजेड हवा तर पडद्यावर सुमारे २,००० ल्यूमेन (उजेड मोजण्याचे एकक) पडले पाहिजेत. खोक्यावरचा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही, शिवाय दिवा जुना झालेला असतो. म्हणून ३,५०० ते ४,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर घ्या. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर ४ मीटर रुंदीसाठी अंतर ६ मीटर. ही मोजणी ४:३ आकाराच्या प्रोजेक्टरसाठी आहे. तुमचा १६:९चा असेल तर त्याच ४ मीटरमध्ये जुन्या चौकोनी चित्राला ३ मीटरच रुंदी मिळते, हे गृहीत धरून मागच्या रांगा कमी करा.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक इथेच आहे. कोणीतरी चित्र ताणून पूर्ण पडदा भरतो आणि स्मिता पाटील यांचा चेहरा पसरट दिसतो. ज्यांच्या गालफडांच्या उंचवट्यावर आणि डोळ्यांवर अर्धा प्रसंग उभा असतो, त्यांच्या बाबतीत हा अपराधच. प्रोजेक्टर आणि प्लेअर दोन्हीकडे ‘ओरिजिनल’ आकार निवडा, एकीकडे करून भागत नाही. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांची सवय होते.

‘भूमिका’ लावणार असाल तर ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा की नायिकेच्या गतकाळाचे प्रसंग कृष्णधवल आहेत. नाहीतर तो रंग गेला म्हणून वायर हलवत बसतो. ही मुद्दाम केलेली रचना आहे. चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे.

वेळपत्रक आखताना चित्रपट लावून शेवटपर्यंत किती मिनिटे लागतात ते स्वतः पाहा. ३५ मिमीवर २४ चौकटी सेकंदाला जातात. आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ प्रती २५ चौकटींनी चालतात. त्यामुळे १४० मिनिटांचा चित्रपट साधारण १३४ मिनिटांत संपतो आणि लोक कात्री लागल्याची तक्रार करतात. आवाजही किंचित चढा लागतो, तेही याच कारणाने. प्रमाणपत्रावरच्या मीटरना २७.४ने भागले की मूळ मिनिटे निघतात. फरक सहा-सात मिनिटांहून जास्त असेल तर मात्र खरोखर काहीतरी कापलेले आहे.

आणि कूलर. ऑक्टोबर हीटमध्ये हॉलचे कूलर लावल्याशिवाय कोणी बसणार नाही, पण त्यांच्या घरघरीत स्मिताताईंच्या खालच्या पट्टीतला संवाद बुडतो. कूलर चित्रपटाआधी तासभर चालवून हॉल थंड करा, खेळ सुरू झाल्यावर मागचे दोनच ठेवा. ध्वनिक्षेपक पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर. भाषणाचा माईक ज्या जागी असतो तिथले छताचे स्पीकर वापरू नका, त्यातून शब्द घुमतात. खेळ साडेसहाच्या आत नको. त्या दिवसांत नागपुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झरोक्यांतून येणारा उजेड रेंगाळतो.

प्रश्न : इतवारीत जुने पोस्टर मिळाले, विकणारा अस्सल म्हणतो. कसे ओळखू?
– गांधीबाग

उत्तर : आधी मोजा. हिंदी चित्रपटाचे नेहमीचे पोस्टर ३० × ४० इंचांचे असते. नव्या छपाया बहुधा लहान असतात. मग १० पट भिंग लावा. ऑफसेटमध्ये रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत, फुलासारखे दिसतात. इंकजेटमध्ये शाई विस्कळीत शिंपडल्यासारखी. घडीच्या रेषेवरून नख फिरवा. रेष डोळ्यांना दिसते पण नखाला लागत नाही, तर जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापलेले आहे. ही खूण सहसा फसवत नाही. कडेला छापखान्याचे नाव असणे चांगले, पण पुनर्मुद्रणात तेही उतरते.

अस्सल निघाले तर लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. फाटले असेल तर मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने चिकटवा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल धरते आणि कसर लागते.

प्रश्न : स्मिता पाटील मूळच्या विदर्भातल्या का? आणि वय नक्की किती होते?
– हुडकेश्वर

उत्तर : नाही. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. घराणे खानदेशातल्या शिरपूरचे. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, राज्यात मंत्री होते. आई विद्याताई समाजकार्यात. चित्रपटात येण्याआधी स्मिताताई मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, असा किस्सा सांगतात. पद्मश्री १९८५मध्ये. मुलगा प्रतीक २८ नोव्हेंबर १९८६चा, आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने त्यांचे निधन १३ डिसेंबर १९८६ला. वय ३१ वर्षे, १ महिना, २६ दिवस. तक्त्यावर ‘३२व्या वर्षी’ लिहिले तरी चुकत नाही, ‘वय ३२’ लिहिले तर चुकते.